बाल्कनीत गांधीलमाशीचं पोळं लागलंय? जाळायच्या आधी हे वाचा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर घर, बाल्कनीत एसीच्या बाहेरच्या युनिटवर जो छज्जा आहे त्याला खालून वाटीएवढं राखाडी पोळं लागलंय, त्यावर दहा-बारा पिवळ्या-तपकिरी माश्या, घरात चार वर्षांचा मुलगा. सासूबाई म्हणतात काठीला फडकं बांधून रॉकेलने जाळून टाका, मिस्टर म्हणतात झुरळांचा स्प्रे मारू. शिवाय बेडरूमच्या पडद्यामागे मातीचे गोळे, एका प्लगच्या भोकात माती, आणि रोज दुपारी एक मोठी काळी माशी बाल्कनीत येऊन फेरी मारून जाते.

आधी तातडीचं सांगतो. रॉकेल नको, स्प्रे पण नको. मुलाला आजपासून त्या बाल्कनीत एकटं सोडू नका, तो झाडू किंवा बॉल त्या दिशेला मारणार नाही एवढं बघा, बाकी आज काही केलं नाही तरी चालेल. ही माशी पोळ्याला धक्का लागला किंवा कोणी अगदी जवळ गेलं तरच अंगावर येते, कपडे वाळत घालणाऱ्या माणसाचा ती पाठलाग करत नाही. मी पुण्यात गेली २२ वर्षं पेस्ट कंट्रोलचं काम करतोय आणि 'गांधीलमाशी आलीय' म्हणून जेवढे फोन येतात त्यातल्या निम्म्या ठिकाणी मी औषध न मारताच परत येतो, कारण तिथे मारण्यासारखं काही नसतं.

तुमच्या प्रश्नात मुळात तीन वेगवेगळ्या माश्या आहेत आणि तिघींचं उत्तर वेगळं आहे.

सोपी आधी. पडद्यामागचे मातीचे गोळे आणि प्लगमधली माती हे कुंभारमाशीचं काम. हिची वसाहत नसते, राणी नसते, एकटी बाई चिखलाच्या गोळ्या तोंडात आणून घर बांधते. यात दोन प्रकार घरात दिसतात. एक म्हणजे काळी-पिवळी, कंबर अगदी दोऱ्यासारखी बारीक, ती मातीच्या नळ्या एकाला एक लावून वरून लिंपून टाकते आणि आत कोळी भरते. दुसरी छोटं सुगड बनवते, खरंच संक्रांतीच्या सुगडासारखं, वर बारीक काठ सुद्धा असतो, आणि त्यात अळ्या भरते, किंवा मग आयतं भोक मिळालं की तेच वापरते, प्लगचं भोक, खिडकीच्या फ्रेममधलं स्क्रूचं भोक, एसीचा पाणी जायचा पाईप, काहीही. तुम्ही तो गोळा फोडला तर आतून दहा-पंधरा कोळी पडतील, मेल्यासारखे दिसतील पण ते मेलेले नसतात, नांगी मारून लुळे केलेले असतात, म्हणजे पिल्लाला ताजं खाणं मिळावं. अंडं घालून, खाणं भरून, तोंड बंद करून ती निघून जाते आणि घराची राखण करत बसत नाही. म्हणून ती अंगावर येत नाही, हातात दाबून धरली तरच डसेल. गोळ्याला बाहेरून गोल भोक पडलेलं दिसलं म्हणजे पिल्लू उडून गेलं, जुन्या कॅलेंडरच्या कार्डाने खरवडून ओल्या फडक्याने पुसून टाका. भोक नसेल आणि तुम्हाला त्रास नसेल तर महिनाभर राहू द्या. फक्त प्लगचं तसं करू नका, मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून ती माती काढून घ्या, स्वतः पिन किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून टोकरू नका. नंतर वापरात नसलेल्या प्लगला ते लहान मुलांसाठी मिळतात ते प्लास्टिकचे सॉकेट कव्हर लावा, मुलगा लहान आहे तर ते तसंही लावायलाच हवं.

आता मुख्य पोळं. वाटी उलटी टांगल्यासारखं, एका बारीक देठावर लटकलेलं, खालून सहाकोनी खोल्या उघड्या दिसतात, हे कागदी पोळं. ही खरी आपल्या घराजवळची गांधीलमाशी. मधमाशीशी गल्लत होऊ नये म्हणून एवढं बघा: मधमाशी जाडसर आणि केसाळ असते, पोळं मेणाचं असतं. गांधीलमाशी तुकतुकीत, कंबर बारीक, बसल्यावर पंख लांबट घडी घालून पाठीला चिकटवते, आणि यातल्या मोठ्या पिवळ्या जातीचे उडताना मागचे पाय खाली लोंबत असतात, ते लांबूनही ओळखू येतं. पोळं मेणाचं नाही, कागदाचं. जुन्या, रंग उडालेल्या लाकडाचे तंतू दाताने खरवडून, थुंकीत कालवून ती हा कागद बनवते. शांत दुपारी जुन्या वाड्याच्या दाराजवळ उभं राहिलात तर त्या खरवडण्याचा बारीक करकर आवाज चक्क ऐकू येतो, मी शनिवार पेठेत ऐकलाय. देठ मुद्दाम बारीक ठेवलेला असतो कारण मुंग्या तिथूनच चढणार, आणि त्या देठाला ती पोटाखालून मुंग्यांना नकोसा वाटणारा स्राव पुसत असते.

या माश्यांबद्दल मला मनापासून आदर आहे आणि तो का ते तुम्हाला तुमच्याच कढीपत्त्यावर दिसेल. तुम्ही लिहिलंय की यावर्षी कढीपत्त्यावर अळ्या नाहीत. सहकारनगरला एका गच्चीवर मी काम आटोपून चहा घेत बसलो होतो, समोर कुंडीत लिंबाचं झाड, पानावर ती हिरवी अळी, जी लहानपणी चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाली की हिरवीगार होते, फुलपाखराचीच असते. गांधीलमाशी आली, पानाच्या कडेकडेने चालत गेली, अळी सापडली तशी मानेपाशी धरली आणि तिथेच बसून चावून चावून तिचा हिरवा गोळा केला, साधारण वाटाण्याएवढा, बाकीचं तिथेच टाकलं आणि गोळा घेऊन उडाली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तो गोळा ती स्वतः खात नाही, पोळ्यातल्या अळ्यांना भरवते, तिचं स्वतःचं पोट फुलातल्या रसावर चालतं. म्हणजे एक पोळं दिवसभर तुमच्या आणि खालच्या बागेतल्या अळ्या वेचत असतं, फुकट. टोमॅटो, कोबी, कढीपत्ता लावणाऱ्यांनी तर पोळं बागेच्या लांबच्या कोपऱ्यात असेल तर हातच लावू नये.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडच्या एका छोट्या गांधीलमाशीचा कित्येक वर्षं अभ्यास केलाय. त्यांना दिसलं ते असं की त्या जातीची राणी पोळ्यावर दादागिरी करत नाही, शांत बसून असते, इतकी की बघून राणी कुठली ते ओळखू येत नाही. आपल्याला वाटतं तेवढी ही माशी चिडकी नाही, पण पोळं हलवलं की मात्र ती सोडत नाही.

मग काढायचं कधी? मी एकच बघतो, पोळं कुठे आहे. जात कुठली, माश्या किती, हे नंतर. माणसाचं डोकं, हात किंवा दार रोज जिथून तीन-चार फुटांच्या आत जातं तिथलं पोळं काढायचं. झोपाळ्याच्या वर, दाराच्या चौकटीत, वॉटर मीटरच्या पेटीत, मुलांच्या घसरगुंडीखाली, स्कूटरच्या कव्हरमध्ये, वापरात नसलेल्या कूलरमध्ये. घरात कुणाला पूर्वी डंखाची जोरदार ॲलर्जी झाली असेल तर लांबचं पण काढायचं. बाकी गच्चीच्या टाकीमागे, आंब्याच्या उंच फांदीवर, कंपाउंडच्या त्या बाजूला असेल तर राहू दे. तुमचं पोळं एसीवर आहे, चार वर्षांचा मुलगा आहे, उद्या एसी सर्व्हिसिंगवाला येऊन युनिट ठोकणार, त्याला माहीतही नसणार. म्हणून तुमचं काढावं असं माझं मत आहे.

पण कुणी काढायचं? पोळं रुपयाच्या नाण्याएवढं असेल आणि एक-दोन-तीन माश्या असतील तर घरच्या माणसाला जमतं. वाटीएवढं, दहा-बारा माश्यांचं, पण जमिनीवर उभं राहून, ग्रिलच्या आत, लांब दांड्याने पोचता येत असेल तर सावध माणसाला जमू शकतं. शिडी लागत असेल, ग्रिलबाहेर वाकावं लागत असेल किंवा पोळं डोक्याच्या बरोबर वर असेल तर नाही म्हणजे नाही. हे मी ठासून सांगतो कारण माझं स्वतःचं मनगट यात मोडलंय. सुरुवातीची वर्षं, धायरीला एक बंगला, पोळं तळहाताएवढंसुद्धा नव्हतं, भर दुपारी शिडी लावून चढलो, एक माशी भुवईवर डसली, हात आपोआप तिकडे गेला आणि शिडी सरकली. डंखाची सूज दोन दिवसांत गेली, प्लास्टर सहा आठवडे होतं. तुमच्या वर्णनावरून छज्जा ग्रिलच्या बाहेर निघतोय असं दिसतंय, तसं असेल तर लायसन्स असलेला पेस्ट कंट्रोलवाला बोलवा आणि फोनवरच 'गांधीलमाशीचं पोळं आहे, तिसरा मजला, ग्रिलबाहेर' असं स्पष्ट सांगा, म्हणजे तो अंगभर ड्रेस आणि जाळीची टोपी घेऊन येईल. नुसता झुरळांचा पंप घेऊन आलेला माणूस परत पाठवा.

ग्रिलच्या आत असेल आणि तुम्हीच करणार असाल तर मी घरच्यांना सांगतो ती पद्धत अशी. वेळ अंधार पडल्यावर किंवा पहाटे उजाडायच्या आत, कारण तेव्हा सगळ्या माश्या पोळ्यावर असतात आणि गारठ्याने सुस्त असतात. एसीचा एमसीबी खाली करा, ओलं काम आहे. बाल्कनीचा आणि मागच्या खोलीचा दिवा बंद, कारण उजेडाकडे त्या झेपावतात; बघण्यापुरता टॉर्च हातात न धरता बाजूला ठेवा आणि पुढे लाल जिलेटीन पेपर लावा, लाल रंग त्यांना जवळपास दिसत नाही. जाड जीन्स, फुल बाह्यांचा रेनकोट, बूट, हातमोजे, काचेचं फुल फेस हेल्मेट, गळ्याला ओढणी. मुलगा आणि आजी आतल्या खोलीत. एक लिटर पाण्यात दोन-तीन चमचे भांडी घासायचं लिक्विड घालून झाडांना मारायच्या पंपात भरा, नॉझल धुक्यासारखं नको, धार येईल असं ठेवा. साबणामुळे पाणी अंगावरून ओघळून न जाता माशीच्या श्वासाच्या छिद्रांत शिरतं, ती उडू शकत नाही आणि थोड्या वेळात मरते, आणि तुमच्या कढीपत्त्यावर विष पडत नाही. एक माणूस मागे दाराशी उभा, दार अर्धं उघडं, धार मारून पोळं पूर्ण भिजवायचं, थांबायचं नाही, मग दोन पावलं मागे येऊन दार लावून घ्यायचं. रात्री परत बाहेर जायचं नाही. सकाळी उजेडात लांबून बघा, हालचाल नसेल तरच लांब दांड्याने पोळं पाडा. आणि हो, पोळ्याजवळ माशी चिरडू नका. चिरडलेल्या माशीच्या विषाचा वास बाकीच्यांना धोक्याची सूचना देतो आणि एकीच्या जागी दहा येतात.

आता रॉकेल का नको. सिंहगड रोडला एका सोसायटीत असंच पेटतं फडकं धरलं होतं, पोळं तर कागदाचंच, ते भसकन पेटून खाली वाळत घातलेल्या चादरीवर पडलं. मी गेलो तेव्हा प्लास्टिकचा पाईप वितळून लोंबत होता आणि अर्ध्या माश्या जिवंत, चिडलेल्या, आसपास फिरत होत्या. सासूबाईंनी गावाकडे मोकळ्या अंगणात केलं असेल, त्यांचं चूक नाही, पण फ्लॅटच्या बाल्कनीत ते करू नये. झुरळांच्या स्प्रेने माश्या मरतात, पण लगेच नाही, मधल्या वेळात त्या सैरावैरा उडतात आणि तुम्ही तीन फुटांवर उभे असता. शिवाय त्यातला गॅस पेट घेतो आणि खाली तुळस-कढीपत्ता आहे. यूट्यूबवर बाटलीत साखरपाणी किंवा बिअर टाकून सापळा करतात, ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले, तिकडची पिवळी माशी वेगळी, ती जमिनीत घर करते आणि गोडावर येते. आपल्या कागदी पोळंवालीला त्यात रस नाही. कागदी पिशवी फुगवून खोटं पोळं टांगायचा उपाय पण मी बऱ्याच घरांत लावलेला बघितलाय आणि त्याच्याच शेजारी खरं पोळं लागलेलंही बघितलंय.

तिसरी, ती मोठी काळी. पोटावर एकच रुंद पिवळा-नारिंगी पट्टा असेल तर ती मोठी गांधील. जांभळट झाक असलेले पंख, गुबगुबीत, मोठा घूं आवाज, पट्टा नाही आणि बांबूत गोल भोकं पाडते असं असेल तर तो भुंगा, त्याला विसरा. पट्टेवाली असेल तर ती तुमच्यासाठी येत नाहीये, त्या छोट्या पोळ्यासाठी येतेय. मी बाणेरला एका पार्किंगमध्ये बघितलंय, ती पोळ्यावर येऊन बसली तशा सगळ्या छोट्या माश्या पोळं सोडून भिंतीवर जाऊन बसल्या, कुणी प्रतिकार केला नाही, आणि हिने एकेका खोलीत तोंड घालून अळ्या ओढून काढल्या. चार दिवसांत पोळं रिकामं. तुमच्याकडेही असं होऊ शकतं, मग तुम्हाला फक्त रिकामा कागद काढायचा राहील. हिच्या जोडीला दुसरी एक लालसर तपकिरी, पोटावर पिवळा पट्टा असलेली मोठी जात आहे, मिठाईच्या दुकानात जिलेबीवर आणि मटणाच्या दुकानाबाहेर दिसते, तिचं पोळं भिंतीच्या पोकळीत किंवा जमिनीतल्या बिळात असतं. एखाद्या भोकातून या मोठ्या माश्यांची सतत ये-जा दिसली तर भोक सिमेंटने बुजवू नका, पाणी ओतू नका, लांब राहून व्यावसायिक माणसाला बोलवा. हे काम मी स्वतःसुद्धा एकट्याने करत नाही.

सोसायटीच्या टाकीखाली किंवा दहाव्या मजल्याच्या छज्ज्याला एकच मोठं काळपट अर्धगोल पोळं लोंबत असेल तर ती गांधील नाही, आग्या मोहोळ आहे, आणि झाडाच्या डहाळीला तळहाताएवढं असेल तर फुलोरी. या मधमाश्या आहेत, मारू नका. गणेशखिंड रोडला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, मधमाश्या न मारता हलवणाऱ्या लोकांची माहिती अशा ठिकाणी विचारता येते. आग्या तर बरेचदा मोसम संपला की स्वतःच निघून जाते.

डंख झालाच तर. गांधीलमाशीची नांगी आत राहत नाही, शोधत बसू नका, मधमाशीची राहते, ती नखाने लगेच खरवडून काढायची. हाताला डसली असेल तर आधी अंगठी आणि बांगड्या काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. साबणाने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धरा. चुना लावू नका, कातडी भाजते. माती तर नकोच. लोखंड घासायचं म्हणतात, गार लागतं म्हणून बरं वाटतं, बर्फ त्यापेक्षा चांगला. मग पुढचा अर्धा तास त्या माणसाला एकटं सोडू नका. डंखाच्या जागी सूज येणं ठीक आहे, दुसऱ्या दिवशी वाढली तरी घाबरू नका. पण डंख हाताला आणि ओठ, डोळे सुजतायत, अंगभर गांधी उठल्यात, आवाज बसला, दम लागला, उलटी झाली, चक्कर आली, तर घरगुती काही न करता १०८ ला फोन किंवा रिक्षाने सरळ जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, नुसत्या ॲलर्जीच्या गोळीवर थांबायचं नाही. तोंडात किंवा घशात डसली असेल तर लक्षणांची वाट बघू नका. आणि एकदम खूप डंख झाले असतील, मुलाला दहा-बारा सुद्धा खूप, तर बरं वाटत असलं तरी दाखवा, कारण किडनीवर परिणाम नंतर दिसतो, लघवी चहासारखी व्हायला लागते.

पोळं काढून झालं की तिथला देठ खरवडून जागा साबणाच्या पाण्याने घासा. त्या रात्री बाहेर राहिलेल्या दोन-चार माश्या पुढचे दोन-तीन दिवस तिथेच घोटाळतील, त्यांना मारायला जाऊ नका, दार लावून ठेवा, पोळं नाही म्हटल्यावर जातात. मग दर आठवड्याला छज्ज्याखाली, स्लायडिंगच्या फ्रेममध्ये, ग्रिलच्या कोपऱ्यात एक नजर टाका, विशेषतः उन्हाळ्याच्या शेवटी आणि पाऊस संपल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात. बटणाएवढं आणि एकच माशी असताना लांब काठीने पाडलं की ती दुसरीकडे जाते, कुणाला मारावं लागत नाही.

काढलेलं पोळं फेकायची घाई करू नका. घट्ट बंद पिशवीत घालून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे आत कुणी जिवंत राहणार नाही, आणि मग मुलाच्या हातात द्या. त्यावर फिक्या-गडद राखाडी रंगाचे पट्टे दिसतील, वेगवेगळ्या लाकडाचे. त्यातला एखादा पट्टा तुमच्याच बाल्कनीच्या जुन्या खिडकीचा असेल, चौकटीवर बारीक खरवडल्याच्या उभ्या रेघा आहेत का ते त्याला शोधू द्या.